प्रश्न क्रमांक सतरा

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद
त्रिशलानं माझ्यासमोर ठेवला,
तांब्याखाली, उडू नये म्हणून.
चौतीस प्रश्न, प्रत्येकापुढं तीन रकाने:
नेहमी, कधी कधी, कधीच नाही.
सगळे भरलेले, निळ्या पेनानं.

मी म्हणाले, हे काय गं.
पाच वर्षांचं पोर. बोलेल की.
आपल्या घरात सगळेच उशिरा बोलले,
अण्णा तर सातव्या वर्षी,
आणि पहिलं वाक्य म्हणे, "म्हशीला पाणी दाखवलं का."
पुढं पंचवीस वर्षं सोसायटीचे हिशेब बघितले त्यांनी.
मिरजेत दवाखाने उदंड झालेत,
एवढ्या खुर्च्या भरायच्या तर आजार लागणारच.

सन्मती दारात चपला लावत होता.
सगळ्यांच्या टाचा उंबऱ्याकडं.
एखादी उलटी झाली तर तो रडत नाही, ओरडतो,
एकाच सुरात, मोटर बंद करायची राहिल्यासारखा.
मी ती सरळ केली. तो थांबला.
"बघ," मी म्हणाले, "एवढंच तर आहे."

त्रिशला काही बोलली नाही.
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची,
ती दहीभात कालवायला उठली.
कड चेपलेल्या त्याच वाटीत.
दुसरी चालत नाही.

मी तासगाव रस्त्याला कोल्ड स्टोरेजमध्ये असते.
बेदाण्याच्या पेट्यांवर शिक्के मारते.
हिरवा, पिवळा, काळा. गोल, लांब.
एका घडाचे मणी तीन पेट्यांत जातात
आणि मला कधी वाईट वाटलेलं नाही.
तो कागद मी पिशवीत घालून आणला होता
(न विचारता, हे सांगून टाकते)
आणि रात्री पेन्सिलनं पुन्हा भरायला बसले,
तिच्या निळ्या खुणा खोट्या पाडायला.

प्रश्न नऊ: अचानक आवाजाला कान झाकतो का.
कोण झाकत नाही?
कॉम्प्रेसर सुरू होताना मी अजून झाकते,
बावीस वर्षं झाली.
प्रश्न बारा: ठरलेला क्रम मोडला तर त्रास होतो का.
मी आधी डावी बाही घालते. नेहमी.
प्रश्न सतरा: नजरेला नजर देतो का.

इथं पेन्सिल थांबली.
समडोळीचे लोक मला बघायला आले होते,
आई मागून चिमटे काढत होती, वर बघ, वर बघ,
आणि मी त्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजत होते.
सहा. चौथ्याचा दोरा वेगळा.
आठवड्यानं निरोप आला:
मुलगी चांगली, पण घुमी आहे.
कुठल्या दवाखान्याचा नव्हता तो शिक्का,
तरी मी त्याच पेटीत राहिले.

रविवारी कागद परत द्यायला गेले.
म्हणाले, असं तर मलाही आहे, मग हा आजार कसा?
त्रिशला भांडी घासत होती.
"अक्का, तुम्ही रविवारी येता. दोन तास.
रात्री तीनला तो भिंतीवर डोकं आपटतो,
मी मध्ये उशी धरून उभी असते.
सासूबाई म्हणायच्या, तुझं दूध कमी पडलं.
हे म्हणायचे, तूच लाडावून ठेवलंस.
त्या बाई पहिल्या, ज्या म्हणाल्या,
तुमचं काही चुकलेलं नाही.
त्या रात्री मी झोपले."
नळ चालूच होता.
"नाव खोटं निघालं तर निघू दे.
झोप खरी लागली."

मला अजून पटलेलं नाही. पुरतं नाही.
पाचव्या वर्षी मारलेला शिक्का
पंचविसाव्या वर्षी कोण पुसणार,
हे विचारायचं होतं.
ओली ताटं पुसत राहिले.

निघताना दारात चप्पल शोधली.
ओळीत शेवटची, टाच उंबऱ्याकडं,
आणि तिला चिकटून त्यानं स्वतःची ठेवलेली.
तो माझ्याकडं बघत नव्हता.
मीही बघितलं नाही.
बराच वेळ आम्ही दोघं
चपलांकडं बघत उभे राहिलो.