प्रश्न सातवा

परीक्षा संपली की अभिप्रायाचे फॉर्म येतात.
मी ते रत्नागिरीत वाचतो, मिरकरवाड्याच्या वरच्या खोलीत,
खिडकीतून डिझेलचा वास.

वेळ पुरला का? नाही. नाही. नाही.
एसी फार गार. कॅल्क्युलेटर मधेच मेला.
कुणी नुसतंच : बघून घेईल रवळनाथ.

सातवा प्रश्न माझा होता.
वीस होड्या, प्रत्येकीची बुडण्याची शक्यता दिलेली,
होड्या परस्परांपासून स्वतंत्र धरा,
विम्याचा हप्ता काढा.

त्याखाली एकानं, किंवा एकीनं
(नाव नसतंच, नुसतं केंद्र) लिहिलंय :
'उत्तर काढलंय. मार्क पडतील.
पण सर, आमच्या हर्णैत
होड्या सुट्या सुट्या बुडत नाहीत.
वारा सगळ्यांना एकच.
त्या रात्री आमच्या आळीत
चार घरांत चूल पेटली नाही.'

अहवालात मी लिहायला घेतलं :
प्रश्न सात, उमेदवारांना कठीण गेला.
मग ते खोडलं.
'स्वतंत्र'ही खोडलं.

खाली जेटीला होड्या
एकमेकींना बांधलेल्या.
कुणीतरी एकीवर उडी मारली,
शेवटचीसुद्धा हलली.

पुढल्या खेपेला गणित लांबेल.
फॉर्म येतील :
वेळ पुरला नाही.