विसांपैकी

सकाळी नऊला नळ्यांवर ऊन चढतं.
अल्मेरियात ऊन फुकट, बाकी सगळं मोजून.
समोर समुद्र, आणि समुद्राच्या अलीकडे
प्लास्टिकचा दुसरा, पांढरा, लाट नसलेला,
त्याच्या पोटात टोमॅटो, मिरच्या, काकड्या
आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं.

तू त्यांतलाच होतास, लाहसेन.
आता औषधांचे रिकामे डबे विसळतोस.
तीनदा विसळायचे, असा नियम.
तू चौथ्यांदा विसळतोस
आणि ते चौथं पाणी हुंगून बघतोस,
मी रागावते तरी.

ते सगळं पाणी माझ्याकडे येतं.
मी त्यात पांढरी पूड टाकते,
भिंतीच्या रंगात असते तीच,
लिटरला चिमूटभरही नाही.
पाणी होतं पातळ ताकासारखं
आणि काचेच्या नळ्यांतून फिरत राहतं.
खाली आरसे, सदतीस अंशांत कललेले;
ऊन नळीला दोन्ही बाजूंनी धरतं.

पुढचं सांगताना मी नेहमी अडखळते.
ऊन कणावर आदळतं,
कणातून काहीतरी उडून जातं,
तिथे जागा रिकामी पडते,
आणि ती रिकामी जागा
जे हाताला लागेल ते ओरबाडते.
विष कडीकडीनं तुटतं.
पूड होती तेवढीच राहते,
करून सवरून नामानिराळी.
संध्याकाळी तळाशी बसते.
उद्या पुन्हा तीच.

‘म्हणजे दुपारी विष संपतं?’
पहिल्याच आठवड्यात विचारलंस.
यंत्र हो म्हणत होतं.
कागदावरचा सुळका एक वाजता सपाट झाला होता.
मी पाणपिसवा आणल्या. वीस.
मोहरीहून बारीक, आरपार दिसणाऱ्या,
भिंगाखाली काळजाचे ठोके मोजता येतील अशा.
एक वाजताच्या पाण्यात सोडल्या.
दुसऱ्या दिवशी विसांपैकी एक हलत होती.
सकाळच्या पाण्यात, जिथे विष अख्खं होतं,
तीन.

तू दोन्ही पेले उजेडात धरलेस.
बराच वेळ.

मोडलं म्हणजे संपलं नाही, लाहसेन.
तुकड्यांना आपापली नावं असतात,
काहींना अजून ठेवलेलीही नाहीत.
मोडायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही,
पार मिठापर्यंत, हवेपर्यंत जावं लागतं.

माझे वडील, आबदोन, डबे पाटात विसळायचे.
‘वाहतं ना,’ म्हणायचे, ‘मग झालं.’
त्यांचा फवारणीचा शर्ट
मी वेगळ्या बादलीत बुडवायचे, काठीनं.
पाटातले बेडूक कधी गप्प झाले
घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.
आठवतं ते एवढंच,
की एका उन्हाळ्यात आम्ही
खिडक्या उघड्या टाकून छान झोपलो.

मंगळवारी सहाराची धूळ आली.
सूर्य तुटक्या बटणासारखा लोंबत होता.
आरशावरून बोट फिरवून तू म्हणालास,
‘ही आमच्याकडची.’
पाणी फिरत राहिलं, काहीच न होता.
आपण दुपारभर आरसे पुसले.
तुझा उजवा हात थरथरत होता.
‘वय,’ म्हणालास.
तू एक्केचाळीसचा आहेस.

मी विचारलं नव्हतं,
तरी दोन्ही पंजे उघडून दाखवलेस,
मग आणखी एक बोट.
इतकी वर्षं पंप.

बुधवार-गुरुवार मिळून ऊन पुरलं.
शनिवारी पेल्यात अठरा हलत होत्या.
नियमाला अठरा चालतात.
मी वहीत आकडा लिहिला, तारीख घातली,
ओब्दुलिया अशी सही केली,
झडप उघडायला सांगितलं.

तू पेल्यावर वाकला होतास,
डाव्या हातानं उजवं मनगट धरून,
तळाशी पडलेल्या
त्या दोघींना शोधत.