अठरा बाटल्या

सर्जन कमांडर उद्धव कापगते, नौदल, निवृत्त,
अशी पाटी त्यांनी लावलीच नाही.
दारावर खडूने नुसतं: दवाखाना, सकाळी आठ.
आठ म्हणजे आठ.
त्याआधी पाच मिनिटं ते वऱ्हांड्यात उभे राहून
बोडीकडे बघत आणि वहीत लिहीत:
वारा वायव्येचा, मंद. आभाळ निम्मं. पाणी शांत.
त्याखाली पेशंटांची नावं.

आमच्या गावातून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र एक रात्र आणि अर्धा दिवस लांब.
मी झिबल मेश्राम, त्यांचा कंपाउंडर, ढिवराचा पोरगा.
पाणी म्हणजे मला शिंगाडे, मासोळी, मांडीपर्यंत चिखल.
त्यांच्या पाण्याला तळ नव्हता.

शांततेतल्या गोष्टी ते हौसेनं सांगत.
डोलत्या जहाजावर कापलेलं आंत्रपुच्छ,
पेशंटला टेबलाशी बांधलेलं, डॉक्टरला खांबाशी,
आणि बॅटरी धरलेला स्वयंपाकी मधेच ओकलेला.
"शांततेतच काम जास्त, झिबल.
दात, नायटा, हर्निया, घरची आठवण.
आठवणीवर गोळी नाही.
मी आल्याचा चहा लिहून द्यायचो, दिवसातून दोनदा."
रोवणीत कंबर धरून आलेल्या बायांनाही
त्यांनी तोच चहा लिहून दिला.
बाया हसायच्या. प्यायच्या.

एकाहत्तरच्या डिसेंबराबद्दल एक शब्द नाही.

फक्त ते कपाट.
सलाईनच्या अठरा बाटल्या, अठरा गुंडाळ्या पट्टीच्या,
कधी सतरा नाही.
तारीख उलटली की पेन्शनमधून नव्या.
सरपंच डोंगरवार एकदा म्हणाले,
"का जी डाक्टर, इतल्या बाटल्या कायले?
आपल्या गावात लढाई होते का जी?"
डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब घेतला
आणि मीठ कमी करा म्हणाले.

मग उसन्या तांदळाच्या मिलचा बॉयलर फुटला.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीवर, पाच माणसं.
मी बघितलं: डॉक्टर पाय फाकवून चालायला लागले,
जणू आमची शेणानं सारवलेली जमीन हलते आहे.
आवाज चढला नाही, उतरला.
"सुई दिली की कपाळावर वेळ लिही, पेनानं.
कागद हरवतो, कपाळ हरवत नाही."
मी लिहिलं. चार दहा. चार बारा.
हात थरथरत होता, आकडे शिंगाड्यासारखे वाकडे.
पोळलेल्या कातडीवर ओला कपडा घालताना
ते त्या पोरांशी हिंदीत बोलत होते.
त्या पोरांना हिंदी येत नव्हती.

रात्री गाड्या भंडाऱ्याला गेल्यावर
ते हौदाशी हात धूत राहिले. किती वेळ, मी मोजलं नाही.
"अठरा होते त्या रात्री," ते म्हणाले,
"माझ्याकडे अकरा जणांपुरतं होतं."
हौदात बेडूक ओरडत होता.
"उरलेल्यांना मी काय सांगितलं, विचारू नकोस."

मी विचारलं नाही.
वीस वर्षं रोज चहा दिला, विचारलं नाही.

त्या दिवशीच्या वहीत बघा:
वारा नाही. पाच. पुरलं.

डॉक्टर गेले तेव्हा नागपूरहून पुतण्या आला.
पदकं नेली, पांढरा गणवेश नेला,
वह्या बघून म्हणाला, हवामानाचं काय करायचं?
वह्या माझ्याकडे आहेत.
बाटल्या मी बंडीत तणसावर मांडून
सरकारी दवाखान्यात नेल्या, सात कोस, हळूहळू.
खुर्चीतल्या पोराने खोकी उघडली नाहीत,
पावतीवर सरळ अठरा लिहिलं आणि शिक्का उचलला.

मी म्हटलं, मोजा जी.