शून्य पॉइंट दोन

तहसीन आली की आधी दुकानात येते, घरी नंतर.
टांगलेल्या भोपळ्यांखाली बॅग टाकते.
हनुवटीवर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ,
चेहरा उन्हानं रापलेला,
कपाळ तेवढं अजून घरचं.

काम कुठवर आलं, मी विचारतो.
रूळ टाकतोय, म्हणते.
खडी नाही, स्लीपर नाही, नुसती काँक्रीटची फरशी,
आणि रुळाला सांधा नाही, अब्बा.
जोडत जोडत एकच,
गावंच्या गावं ओलांडून एकच लोखंड.

मला आमचं जुनं स्टेशन आठवतं.
तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी,
छोटी, मीटर, मोठी,
एकीला दुसरीच्या वाटेवर पाय ठेवता येत नसे.
लोक उतरायचे, बोचकी उचलायचे, पुन्हा चढायचे.
बेळगावकडून आलेलं तुनाचं लाकूड
हमाल डब्यातून फलाटावर फेकायचे
आणि माझे वडील ओरडायचे, अरे हळू, सतार आहे ती!
हमाल म्हणायचा, कुठाय सतार? ओंडका आहे.

या खेपेला ती जरा गप्प.
चहा निवला तेव्हा बोलली:
मागच्या आठवड्यात एक जोड नापास केला.
मीटरभराची पट्टी ठेवली, खाली पत्ती सरकवली,
शून्य पॉइंट दोन चालतं,
होतं पॉइंट तीन.
कापा म्हटलं, पुन्हा जोडा.
ठेकेदाराचा माणूस हसला,
मॅडम, केसाएवढं आहे हो.
रात्रपाळी, चाळीस माणसं, सगळी माझ्याकडं बघत.
म्हटलं, केस किती जाड असतो ते मला शिकवू नका,
मी मिरजेची आहे.

मग?
कापला.
पण खोलीवर जाताना वाटलं,
खरंच कळलं असतं का कुणाला?

मी बोललो नाही.
हातात घोडी होती, उंटाच्या हाडाची,
जवारी अर्धी लागलेली.
आम्ही शिकलगार. खापरपणजा तलवारींना धार लावायचा;
तलवारी संपल्या, कानस राहिली.
हे तिला शंभरदा सांगून झालंय.
न सांगितलेलं एक होतं.

हुबळीच्या एका मास्तरांची सतार.
त्र्याऐंशी साल, रमजानचा शेवटचा आठवडा, पैशाची निकड.
पंचमावर तार जराशी चिरकायची.
मला ऐकू येत होतं.
मी पेंढा भरला, खोकं ठोकलं, पावती फाडली.
महिन्यानं मास्तरांचं कार्ड आलं: वाद्य उत्तम आहे.
त्यांना कळलंच नाही.
मला एक्केचाळीस वर्षं ऐकू येतंय.

तहसीननं घोडी माझ्या हातातून घेतली,
दारातल्या उजेडाकडं धरली,
खिशातून पत्ती काढली,
आणि पुन्हा खिशात ठेवली.
वाजवून बघा, म्हणाली.

पहाटे सोडायला गेलो.
पुण्याची गाडी पन्नास मिनिटं लेट.
तुमची ती इकडं येणार का गं कधी?
सध्या तरी नाही.
ताशी तीनशे वीस म्हणाली होती,
मी हिशोब केला:
एवढ्या लेटमध्ये पुणं जवळजवळ आलं असतं.

ती फलाटाच्या कडेला वाकून
रुळाच्या सांध्याकडं बघत होती,
फटीत कुणीतरी थुंकलेलं.
मग गाडी आली,
खडखडत, डबा डबा मोजत.
तिसऱ्या डब्याचं एक चाक जरा चपटं होतं.
आम्ही दोघांनी
एकदमच मान वर केली.