विजेच्या बिलाच्या पाठीवर

नऊ-दहा, डावी.
दहा-पंचवीस, उजवी.
साडेअकरा, पुन्हा उजवी, चुकून.
बारा-चाळीस,
इथे पेनाचा एक लांब ओरखडा खाली उतरत गेलाय,
म्हणजे लिहिता लिहिताच माझा डोळा लागला असणार.

एप्रिलच्या विजेच्या बिलामागे
मी तुझा हिशेब मांडून राहिली.
बिल भरायचं राहिलंच आहे.

डागातल्या नंदेश्वर सिस्टर म्हणाल्या होत्या,
"अवं, पोट केवढं तिचं? बोराएवढं.
बोर भराले वेळ लागत नाही,
अन् रिकामं व्हालेही."
तेव्हा मला हसू आलं होतं.

आई पवनीहून आली,
पिशवीत डिंक, बाळंतशोपा
आणि एक ठाम मत :
बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही.
बाहेर शेहेचाळीस. माझ्या कानांना रुमाल.
कुलरचं तोंड भिंतीकडे.
या घरात एकटी भिंतच गार झोपते.

तुझ्या बाबाची बुटीबोरीला रात्रपाळी.
दोन वाजता चहाच्या सुट्टीत त्याचा फोन येतो :
"झोपली का?"
कोणाबद्दल विचारतो, कळत नाही.
मी दोघींच्या वतीने सांगते, नाही.

तुला खाली ठेवलं की तुला कळतं,
पाठीला चादर लागायच्या आधीच.
परवा तशीच रडत ठेवून
मी न्हाणीत जाऊन बसले,
कडी लावून, नळ सोडून,
एक बादली भरेपर्यंत.
हे बिलावर लिहिलेलं नाही.

अजनीकडे मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटतात.
तू दचकतेस, दोन्ही हात हवेत उघडतेस,
काहीतरी सुटून चाललंय आणि धरायचंय, अशी.
समोर बोरकुट्यांच्या वरच्या खोलीत दिवा लागतो.
कुरखेड्याचा पोरगा, वनरक्षकाची परीक्षा देतोय.
महिनाभर आम्ही एकमेकांचे उजेड बघतोय,
बोललो कधीच नाही.

रविवारी नळावर भेटला, हातात दोन गुंड.
मी आधीच माफी मागायला लागले :
रात्रीचं रडणं, तुमचा अभ्यास...
"नाही हो ताई," तो म्हणाला,
"मी तर गजर लावणंच सोडलं.
हिच्या तीनवाल्या रडण्यावर उठतो.
बरोबर तीन. पाच मिनिटं इकडे नाहीतर तिकडे."

घरात आले, बिल उलटं केलं.
दोन-अठ्ठावन्न. तीन-दोन. तीन-पाच. तीन.
सहा रात्री, एकाखाली एक.
मला वाटायचं तू वाट्टेल तेव्हा उठतेस,
तुझ्यात घड्याळ बसवायचंच राहिलंय.
मी नुसतं लिहीत होते,
वाचलं त्या मडावीच्या पोराने, न बघता.

आणि काल
खाडकन जाग आली. पाच-दहा.
गाऊन पोटापर्यंत ओला.
खिडकीत उजेड, पाखरं बोलतायत,
आणि तू गप्प.
तुझ्या नाकाखाली मी बोट धरलं.
बोटाला काही लागेना.
मग लागलं,
फुंकर म्हणावी एवढंही नाही, पण कोमट.

समोरच्या गॅलरीत तो उभा,
केस विस्कटलेले, बनियन उलटं,
आमच्या खिडकीकडे बघत
दोन्ही हात हलवून विचारतोय : काय झालं?
मी तळहातावर गाल टेकवून दाखवला.
त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आई घोरत होती.
मी रुमाल सोडला, कुलरचं तोंड
वीतभर आपल्याकडे वळवलं.
तेवढ्यात तू ओठ हलवलेस,
झोपेतच, कुणाला तरी बोलावल्यासारखे.

पाच-वीस.
डावी की उजवी, आठवत नाही.
जी जास्त दुखते, ती.