तीन-सात-आठ

लॅमिंग्टन रोडवर मन्सूरभाईंनी कार्ड दिलं
फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळून,
सोबत बिस्किटाएवढी सीडी,
तिच्यावर मार्करने लिहिलेलं: बहुतेक चालेल.
साडेसहाशे रुपये. बिल नाही.

माहीमच्या ब्रेल छापखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
चेऊलकर मास्तर स्टुलावर वाट बघत होते.
पस्तीस वर्षं बोटांनी मुद्रितं तपासणारे.
दहावीच्या भूगोलाचे सराव-पेपर उद्या सकाळी हवेत,
आणि ठिपके ठोकणाऱ्या त्या जुन्या प्रिंटरची
मनगटाएवढी जाड केबल
लावायची कुठे?
नव्या कॉम्प्युटरला तसं भोकच नाही.
(नवा म्हणजे आमच्यासाठी नवा,
एका बँकेने काढून टाकलेला.)

कॅबिनेट उघडलं. धूळ फुंकली.
‘स्क्रू कुठे ठेवलेस?’
‘टेबलावर.’
‘टेबलावर नको. माझ्या मुठीत दे.’

कार्ड खाचेत दाबलं, कट्‌ झालं.
‘बसलं,’ मास्तर म्हणाले, माझ्या आधी.

मग पडद्यावर पिवळा त्रिकोण.
अनोळखी उपकरण.
सीडी फिरली, घरघरली, थांबली, पुन्हा फिरली.
तीन फोल्डर, दोन चिनी नावांचे,
तिसऱ्यातला ड्रायव्हर घ्यायला गेले तर ताकीद:
यावर कुणाची सही नाही, जबाबदारी तुमची.
वाचून दाखवलं.
मास्तर हसले. ‘सही मलाही करू देत नाहीत,
अंगठा घेतात. तरी पेन्शन येते.
बसव.’

बसवला. त्रिकोण गेला.
उपकरण व्यवस्थित काम करत आहे, असं पडद्याने कळवलं,
आणि प्रिंटर ढिम्म.
वॉर्ड ऑफिसात तक्रार निकाली निघते ना,
नळ कोरडाच असतो,
तसं.

काढला, पुन्हा घातला. केबल बदलली.
खाच बदलली. चहा आला, त्यावर साय धरली.
साडेनऊला वॉचमन वर येऊन विचारून गेला.
मग कधीतरी, दुसरं काही सुचेना म्हणून,
कार्डाच्या माहितीतला चौथा कप्पा उघडला
आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

‘काय सापडलं?’
‘पत्ता, मास्तर. तुमचा छपाईचा प्रोग्रॅम
तीन-सात-आठवर दार वाजवतोय, त्याला तेवढंच ठाऊक.
पूर्वी सगळे तिथेच राहायचे.
या कार्डाला जागा मिळालीय भलतीकडे,
डी-शून्य-एक-शून्यवर.’

मास्तर थोडा वेळ गप्प.
‘बिल्डिंग पाडली वाटतं.’

त्यांची अकरा वर्षांपूर्वी पाडलेली.
तेव्हापासून सायनला ट्रान्झिट कॅम्पात,
पत्र्याच्या भिंती, खोली एकशे चार, मग दोनशे बारा,
आता पुन्हा एकशे चार.
पत्रं अजून जुन्या पत्त्यावर जातात,
जिथे खड्डा आहे आणि खड्ड्याला पहारेकरी आहे.

मी कार्डालाच हलवू पाहत होते,
तीन-सात-आठ घे म्हणून,
ते घेत नव्हतं.
‘घराला काय सांगतेस?’ मास्तर म्हणाले,
‘पोस्टमनला सांग.’

प्रोग्रॅमच्या पोटात एक लहानशी फाइल निघाली,
तिच्यात एकच कामाची ओळ,
कुणीतरी कधीतरी लिहिलेली,
बहुधा माझ्या वयाचं, बहुधा असंच रात्री.
तीन-सात-आठ खोडलं.
नवा पत्ता टाकला. सेव्ह.

आधी काहीच नाही.
मग एकदम पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा
प्रिंटर सुरू झाला, टेबल थरथरलं,
साय धरलेला चहासुद्धा.

पहिलं पान मास्तरांनी गरमच घेतलं.
बोटं डावीकडून उजवीकडे.
‘प्रश्न दुसरा. नकाशात दाखवा,’ त्यांनी वाचलं,
आणि नाकातून हसले. ‘दाखवा म्हणे.’
मग त्याच ओळीवर परत गेले.
‘सहावा ठिपका हलका पडतोय.’
‘तो ड्रायव्हरचा दोष नाही, मास्तर.’
‘माहीत आहे. त्याची सुई झिजलीय.
मुलांना सांगेन, जरा जोर देऊन वाचा.’

कॅबिनेट लावताना मी हात पुढे केला.
त्यांनी मूठ उघडली.
चार दिले होते, चार आले,
घामाने ओले, गरम.