उलटे महिने

पूनम कोळीचा गुडघा आणि जागृती भदाणेचं कानशील,
एवढाच तो आवाज.
सोललेला नारळ फरशीवर ठेवावा तसा.
आपटला नव्हता. ठेवला होता.

जागृती उठली, तोंडातली माती थुंकली
आणि आमच्या अंगणात यायचं सोडून
पुन्हा त्यांच्यातच शिरली,
दम नाही, कबड्डी नाही,
नुसते हात पसरून, कुणाला शिवू म्हणत.
पोरं हसली.
मी शिट्टी शोधत होतो
आणि ती माझ्याच तोंडात होती.

जळगावचे डॉक्टर बिऱ्हाडे म्हणाले,
फोटो स्वच्छ आहे.
फोटोत येत नाही ते तुम्ही रोज विचारा.
आणि हातात एक तक्ता दिला.

तेव्हापासून संध्याकाळी सहाला, खेळाच्या खोलीत:
डोकं दुखतं? शून्य ते सहा.
मळमळ? शून्य ते सहा.
उजेडाचा त्रास?
"शून्य, सर. शून्य. शून्य.
काही नई, मी बरी शे."
मे महिन्यातल्या बोरीसारखं उत्तर, पात्रभर कोरडं.
आणि पाठ खिडकीकडे.

एकापुढे एक पाऊल, हात कमरेवर, डोळे मीट.
वीस सेकंद.
अकराव्याला तिचा अंगठा जमीन चाचपू लागतो.
मी रेघ मारतो. ती रेघेचा आवाज ऐकते.

आता महिने उलटे म्हण.
डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर...
ऑक्टोबरपाशीच फिरत राहिली.
मग म्हणाली, आपले म्हनू का?
फाल्गुन माघ पौष मार्गशीर्ष,
धाडधाड चैत्रापर्यंत.
बाप मंडप-लायटिंगवाला,
घर लग्नतिथींवर जगणारं.
तक्त्यात त्याला चौकोन नव्हता.
मी समासात लिहिलं.

चौथ्या दिवशी पाच शब्द सांगायच्या आतच
तिने म्हणून दाखवले:
कंदील, मेथी, जिना, घुंगरू, खडू.
ते कालचे होते.
मनगटावर, बाहीच्या आत, निळ्या पेनाने.
रविवारी धुळ्याला निवड होती.

मी रागवायला हवं होतं.
पण ब्याण्णव साली पारोळ्याच्या मैदानात
मला कांदा हुंगवला होता,
तोंडावर तांब्याभर पाणी, आणि ऊठ रे गड्या.
त्या सामन्याचा दुसरा डाव माझ्याकडे नाही.
जिंकलो म्हणतात.
ढाल आहे शाळेत, कपाटाच्या वर,
तिच्यावर माझंही नाव आहे.

त्या संध्याकाळी तिच्या घरी गेलो.
ओट्यावर माळांचे ढीग, हॅलोजन, झुंबरं,
गावभर उजेड भाड्याने देणारं घर,
आणि मागच्या खोलीत ट्यूब काढलेली,
खिडकीला मंडपाचं निळं कापड, दुहेरी,
कडांना सुतळीचे टाके.
बाप म्हणाला, "तिले उजेड सहन नई होत, मास्तर.
तुमले सांग नई का तिनी?"
मी म्हटलं, सांगितलं.

रविवार गेला.
धुळ्याची गाडी तिच्याशिवाय गेली.
दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलंच नाही,
ते कोणत्या रकान्यात मांडायचं
मला कळलं नाही.

नवव्या दिवशी विचारलं, डोकं?
बराच वेळ.
खोलीतला पंखा दोनदा अडखळून फिरला.
"दोन."
उजेड?
"च्यार मांडा, सर."
मांडले.
शब्द?
"रांजण. चिमटा. ... गोधडी.
बाकीनं याद नई."
मनगटं कोरी होती, तिने स्वतःच उलटी करून दाखवली.

फाटकाशी पूनम उभी होती,
गेले नऊ दिवस उभी असते, आत येत नाही.
ऊन अजून भिंतींवर चुन्यासारखं.
पूनमने एका हाताने सायकल धरली,
दुसऱ्याने आपली टोपी काढली
आणि जागृतीच्या डोळ्यांपर्यंत खाली ओढली.
दोघी काही बोलल्या नाहीत.
सायकल हातात धरूनच गेल्या,
जिथे जिथे सावली होती, त्या बाजूने.